रांगोळीवरून सायकल

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी मला समजवायला यायला नको. लोक समजवायला फार येतात. "तुमचा हेतू चांगला होता हो," म्हणतात. हेतूचं काय लोणचं घालू? हेतूवर सायकल चालत नाही.

मी मरोळला राहते आणि मरोळच्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. पुठ्ठ्याची खोकी बनतात आमच्याकडे, औषधांच्या बाटल्यांसाठी. घरापासून कामापर्यंत सायकलने बारा मिनिटं लागतात. रिक्षाने जायचं तर आधी तीन रिक्षावाले मान हलवणार, कारण इतकं जवळचं भाडं कुणाला नको असतं, आणि चौथा तयार झाला की तो सिग्नलला अडकणार. चालत गेलं तर संध्याकाळी गुडघे बोलायला लागतात. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी सायकल घेतली. लेडीज, पुढे टोपली असलेली. सोसायटीतल्या बायकांनी आठवडाभर हसून घेतलं आणि मग "येताना कोथिंबीर आणशील का गं?" सुरू झालं.

बरीच वर्षं सगळं ठीक चाललं. मग गेल्या वर्षी एका उभ्या गाडीचं दार उघडलं आणि मी त्या दारावर आदळून रस्त्यात पडले. आमच्या रस्त्याला डावीकडे, फुटपाथला लागून, गाड्यांची रांग कायम उभी असते. सायकलवाल्याने जायचं कुठून, तर त्या रांगेच्या आणि पाण्याच्या टँकरच्या मधून. तो दारवाला माणूस फोनवर बोलत होता. खाली उतरून त्याने आधी दाराला ओरखडा गेलाय का ते पाहिलं, आणि मग मला. माझं उजवं मनगट मोडलं होतं.

सहा आठवडे माझ्या लेकीने मला आंघोळ घातली, वेणी घातली, भात कालवून दिला. ती सव्वीस वर्षांची आहे, घरूनच काम करते, आणि घरात आम्ही दोघीच. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी ती मला म्हणाली, "आई, आता नीट ऐक. त्या रस्त्याला सायकलसाठी वेगळी वाट झाली तर खुशाल चालव, मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर सायकल बंद. मला परत कुणा अनोळखी माणसाचा हॉस्पिटलमधून फोन नकोय."

मी भांडले. पण मला राग याचा होता की ती बरोबर होती. मी शब्द दिला.

आता मरोळमध्ये सायकलची वाट कोण करणार? मी शब्द दिला तो जवळजवळ सायकल सोडण्याचाच होता. रोज रिक्षाला हात करत उभी राहायचे आणि जिन्याखाली ठेवलेल्या सायकलकडे न बघता घरात शिरायचे. आणि मग ती चित्रकार आली.

तिशीतली मुलगी. केस अगदी बारीक कापलेले, पायात कोल्हापुरी, मराठी बरी बोलायची पण दर दोन वाक्यांनी हिंदीत घसरायची. आमच्या कारखान्याच्या गेटवर उभी राहून वॉचमनला विचारत होती, इथे सायकलने कोण कोण येतं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मला ती "आंटी" म्हणाली. मी सोडून दिलं.

तिचं म्हणणं असं, की या रस्त्यावरून रोज सायकली जातात पण त्या कुणाला दिसत नाहीत. पाववाला जातो, वॉचमन जातात, घरकामाच्या बायका जातात, कुरियरवाले जातात. गाडीत बसलेल्याला विचारा, तो म्हणेल इथे कोण सायकल चालवतं? तर तिला त्या सायकली दाखवायच्या होत्या, आणि त्या लोकांच्याच हातून. म्हणजे चाकातून. एका रविवारी आमच्या सोसायटीच्या गेटपासून नाक्यापर्यंत डावीकडच्या गाड्या हटवायच्या आणि तिथे रांगोळीच्या रंगांचे सपाट पट्टे पसरायचे. पिवळा, मग गुलाबी, मग निळा, मग हिरवा. सायकली त्यावरून जातील. पिवळा गुलाबीत जाईल, गुलाबी निळ्यात. दुपारपर्यंत चाकांच्या रेघांनीच चित्र तयार होईल. "चित्र आपण काढायचंच नाही, आंटी. चाकं काढतील."

मला ही कल्पना मनापासून आवडली. मी स्टोअरवाली आहे. कुठला माल कुठून गेला हे मी जमिनीवरच्या घासलेल्या खुणांवरून सांगते. रेघ खोटं बोलत नाही.

त्याहून महत्त्वाचं पुढे होतं. वॉर्ड ऑफिसमधल्या एका इंजिनियर साहेबांनी तिला परवानगी मिळवून दिली होती आणि ते स्वतः अकरा वाजता बघायला येणार होते. रस्ता तसाही नव्याने करायचा होता. सायकली खरंच जातात असं डोळ्यांनी दिसलं, तर त्या कामातच सायकलचा पट्टा घालायचं ते वर लिहून पाठवणार होते. साहेबांनी तिला तसं साफ सांगितलं होतं, आणि तिने मला. मी घरी जाऊन लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बघू." पण तिचा चेहरा मला कळतो. तिलाही ते व्हायला हवं होतं.

इथपर्यंत सगळं झकास होतं, आणि मग मी तोंड उघडलं.

रंग पसरायला कॉलेजची पोरं येणार होती. मी म्हटलं, अगं, त्या पोरांना रांगोळी हातात धरता येत नाही, ढिगारे घालतील. आमच्या महिला मंडळावर सोड. दर पाडव्याला शोभायात्रेची रांगोळी आमच्या बायका घालतात, अख्खा रस्ता चहाच्या गाळणीने रंगवतात. ती खूश झाली. फक्त तीनतीनदा बजावलं, "डिझाइन नको हां आंटी. सिर्फ फ्लॅट कलर." मी म्हटलं हो हो. मग मंडळाच्या काकूंकडे गेले. आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात, पासष्टीच्या असतील, आणि बोटांतून रांगोळी अशी सोडतात की बघणारा श्वास रोखून उभा राहतो. त्यांना सांगितलं, काकू, फक्त रंग पसरायचा, नक्षी नाही. त्या म्हणाल्या, "हो गं, कळलं मला."

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही खाली उतरलो. दहा बायका, रंगांच्या पिशव्या, गाळण्या, बसायला पाट. गाड्या हलवून घेतल्या होत्या आणि चित्रकाराने रस्त्याच्या बाजूने केशरी शंकू मांडले होते. त्या रिकाम्या पट्ट्याकडे बघून मला भरून आलं. इतकी वर्षं इथे राहते, पण माझ्या रस्त्याची डावी कड मी पहिल्यांदा पाहिली. मग मी नाक्याकडच्या टोकाला गेले, चहाची सोय बघायला आणि शंकू नीट लावायला. तासाभराने परत आले.

गुलाबी पट्ट्याच्या मधोमध कमळ होतं. आठ पाकळ्या, प्रत्येक पाकळीत तीन छटा, भोवती पांढऱ्या रेघांची वेल.

"काकू, हे काय?"

"अगं, फार रिकामं दिसत होतं."

"रिकामंच ठेवायचं होतं!"

"नुसता पट्टा कसा दिसतो सांगू? भिंतीला डिस्टेंपर मारल्यासारखा. साहेब येणारेत ना? काय म्हणतील, ह्या बायकांना रांगोळी येत नाही?"

आणि त्या एकट्या नव्हत्या. कमळ बघून शेजारच्या इमारतीच्या बायकांनी निळ्यात मोरांची जोडी काढायला घेतली होती. ते बघून आमच्यातल्या दोघींनी हिरव्यात तुळशीवृंदावन उठवलं. पुढे कुणीतरी सायकलही काढली होती, फार गोड, तिच्या टोपलीत झेंडूची फुलं. म्हणजे विषय लक्षात नव्हता, असं नाही म्हणता येणार.

चित्रकार उरलेला रंग घेऊन आली आणि पिशवी तिने खाली ठेवली. मग म्हणाली, "बहुत सुंदर है, आंटी." डॉक्टर रिपोर्ट हातात धरून बोलतात तशा आवाजात. "पण यावरून जाणार कोण?"

आणि मी काय केलं? मी आमच्या बायकांची बाजू घेतली. काय करणार, आमच्या होत्या त्या. गुडघे दुखत असताना पहाटेपासून वाकून बसल्या होत्या. मी म्हटलं, "जातील ना, न जायला काय झालं? रस्ता आहे तो."

पहिला आला पाववाला. मागे ताडपत्रीत गुंडाळलेला पावांचा भला मोठा गठ्ठा. रंग सुरू झाला तिथे थांबला, बघितलं, आणि शंकूंच्या मधून सायकल बाहेर काढून गाड्यांच्या रस्त्यात घातली. मी धावले.

"भैया, इसके ऊपर से जाओ ना!"

"नहीं दीदी, पूजा का है."

"पूजा का नहीं है. आपके लिए है."

"हमारे लिए?" तो हसला. मी थट्टा करतेय असंच त्याला वाटलं. "रहने दो दीदी, खराब हो जाएगा." आणि गेला, टँकरच्या मागून.

त्यानंतर आमच्या कारखान्याचे वॉचमन आले. रात्रपाळी संपवून घाटकोपरला घरी निघाले होते. मूळचे मालवणकडचे, साठीला आलेले, रोज तेवढं अंतर सायकल हाणतात. माझा सगळ्यात जास्त भरवसा त्यांच्यावर होता. त्यांना मी आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. ते सायकलवरून उतरले, कमळाला हात जोडले आणि चक्क सायकल उचलून फुटपाथवर ठेवली.

"काका, अहो तुम्हाला सांगितलं होतं ना, वरून जायचं म्हणून!"

"रंगावरसून जाईन म्हटलेलंय बाय. ह्या रांगोळयेवरसून कसो जाव? चुकान पाय लागलो तरी नमस्कार करतंव आम्ही."

मलाही आईने तेच शिकवलंय.

घरकामाला जाणाऱ्या दोघी एकाच सायकलवर आल्या. उतरल्या, फोटो काढले, पुन्हा काढले, "कित्ती छान!" म्हणाल्या आणि सायकल हातात धरून चालत गेल्या. हेल्मेटवाल्या, चकचकीत कपड्यांतल्या हौशी सायकलवाल्यांचा एक घोळका आला. त्यांनी सायकली डोक्यावर उचलून मोरांसमोर फोटो काढले, "क्या बात है यार!" म्हणाले आणि रस्त्याच्या मधून सुसाट निघून गेले. त्यांना कमळही अडवत नाही आणि टँकरही.

एक कुरियरवाला मात्र खराखुरा निघाला. कानात वायर, नजर समोर. त्याने पिवळ्यातून सरळ सायकल घातली. पहिली रेघ उमटली, पिवळी, गुलाबीत शिरणार इतक्यात आमच्याच बायका पाटांवरून उठल्या. "ओ भाऊ! ओ! दिसत नाही का? बाजूने, बाजूने!" तो बिचारा घाबरून बाहेर पडला.

मी ओरडले, "अहो जाऊ द्या त्याला! त्याच्यासाठीच आहे हे!"

काकू म्हणाल्या, "अगं, साहेब येईपर्यंत तरी राहू दे. त्यांना पुसलेली रांगोळी दाखवायची का?"

आणि त्यांनी ती पिवळी रेघ गाळणीने भरून टाकली. इतकी सफाईने, की तिथून कुणी गेलं होतं हे मलाही शोधून सापडलं नसतं.

मी फुटपाथच्या कठड्यावर बसले. रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि राग धरावा असं समोर कुणी नव्हतं. सगळे चांगले वागत होते. पाववाला, काका, काकू, सगळे. इतक्या चांगल्या वागण्याने एखाद्या गोष्टीची वाट लागते, हे मला माहीत नव्हतं. साडेदहाला लेक खाली आली. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मला विचारलं, "सायकली कुठेत?" मी रस्त्याच्या मधोमध बोट दाखवलं.

साहेब बरोबर अकराला आले. मध्यम वयाचे, चेकचा शर्ट, सुट्टीच्या दिवशी बायकोला न आवडता घराबाहेर पडलेले दिसत होते. भला माणूस. अख्खा पट्टा चालत पाहिला, मोरांपाशी थांबून स्वतःच्या फोनवर फोटो काढला, काकूंना म्हणाले, "तुमच्या हातात कला आहे." काकूंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मग ते चित्रकाराकडे वळले.

"मॅडम, तुम्ही म्हणाला होतात चाकांच्या रेघा दिसतील."

ती समजावत राहिली, की सकाळपासून अमुक आले, तमुक आले, पण रांगोळी बघून बाजूने गेले. ते ऐकून घेत होते. "तुमचं खरं असेल हो. पण मी लिहू काय? इथे एकही रेघ नाही. मी बघितलं तेच लिहिणार ना?"

तेव्हा मी उठले. म्हटलं, "साहेब, थांबा. मी जाते."

जिन्याखालून सायकल काढली. किती महिन्यांनी सीटवर बसले. दहाबारा माणसं बघत होती, साहेबांनी फोन वर धरला. मला सगळं स्पष्ट कळत होतं. हा पट्टा मोडला तर माझी सायकल वाचेल. चार पायडल मारायचे होते, बस. पिवळ्यातून गेले. चाकाखाली रंग करकरला, मागे रेघ उमटत असणार. पुढे गुलाबी आला, आणि कमळ, आणि कमळाच्या पलीकडे फुटपाथवर काकू, हात कोपरापर्यंत रंगलेले. त्या मला थांब म्हणाल्या नाहीत. नुसत्या कमळाकडे बघत होत्या.

माझी बोटं ब्रेकवर गेली.

मी उतरले. मी, जी सकाळपासून अख्ख्या मरोळवर ओरडत होते, ती मी उतरले, शंकूंच्या मधून सायकल बाहेर काढली आणि कमळाला वळसा घालून गेले. मागून रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. "मॅडम, साइड में!"

साहेबांनी फोन खिशात घातला. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "मॅडम, तुम्हीसुद्धा उतरलात. मग मी काय लिहू, सांगा." ते चहा घेऊन गेले.

एक वाजता परवानगीची वेळ संपली. चित्रकाराने शंकू गोळा करायला घेतले. शेवटचा शंकू तिच्या हातात होता, तेवढ्यात मागच्या गल्लीतून एक पांढरी गाडी आली आणि आमच्या गेटसमोर मागे मागे येऊ लागली. मागचं चाक थेट कमळावर. पाकळ्या, वेल, तीन छटा, सगळं एका वळणात. गाडी पुढे गेली, सरळ झाली, परत मागे आली. आता पुढचं चाकही फिरलं.

काकू फुटपाथवर उभ्या राहून हात हलवत होत्या. "या, या, या. अजून या. बस्स!"

गाडी त्यांचीच होती. आत त्यांचे यजमान होते.

"काकू," मी म्हटलं, "तुमचं कमळ."

"अगं, झालं ना आता? साहेब बघून गेले." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. खरंच दमल्या होत्या त्या. "गाडी मग लावायची कुठे? सकाळपासून लांब उभी आहे बिचारी उन्हात."

त्यांच्या मनात काही म्हणजे काही वाईट नव्हतं. मला ते दिसत होतं. पाठोपाठ दुसरी गाडी आली, मोरांवर. मग टेम्पो. कुणी थांबलं नाही, कुणी खाली उतरलं नाही, कुणी कुणाला बाजूने जा म्हटलं नाही. पाटांवरच्या बायका पाट उचलून घरी निघाल्या. पंधरा मिनिटांत डावी कड भरली. गाड्यांच्या चाकांमागे रंगीत रेघा उमटल्या होत्या, पिवळ्या, गुलाबी, निळ्या, अगदी चित्रकाराला हव्या होत्या तशा. ती तिथेच उभी होती. तिने एकही फोटो काढला नाही, आणि त्या दिवशी तेवढ्यासाठी मी तिला मानलं.

लेकीने माझ्या हातातून सायकलचं हँडल घेतलं. ढकलत जिन्यापर्यंत नेली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. मी वाट बघत होते की ती काहीतरी बोलेल. शब्दाची आठवण करून देईल, म्हणजे मला तिच्याशी तरी भांडता येईल.

ती म्हणाली, "आई, मी असते ना, तर मीही उतरले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षाला हात केला. तिसऱ्याने मान हलवली. चौथा थांबला.